खैऱ्याची पुडी आणि नाल्यातले पाणकणीस

संत्र्यावर खैऱ्या दिसला की बागाईतदाराचा हात स्ट्रेप्टोसायक्लिनच्या सहा ग्रॅमच्या पुडीकडे जातो. त्या पुडीत नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन आणि एक भाग टेट्रासायक्लिन असते. पहिले क्षयरोगावरचे औषध, १९४३ साली अमेरिकेत मातीतल्याच जिवाणूपासून मिळालेले. दुसरे म्हणजे डॉक्टर ‘दुधाबरोबर घेऊ नका’ असे बजावतात ते. दोन्ही अँटिबायोटिक.

फवारा पानावर बसतो तेवढाच बसतो, बाकीचा जमिनीवर गळतो. पंप नाल्यात धुतला तर उरलेसुरले थेट पाण्यात. टेट्रासायक्लिन आपल्या काळ्या चिकणमातीला घट्ट धरून राहते. मृगाच्या सरीत माती वाहिली की तेही वाहते, नाल्याने जाम नदीकडे आणि पुढे कन्हानकडे. पाणी संथ होते तिथे गाळ बसतो, म्हणजे नेमका पाणकणसाच्या मुळाशी.

पाणकणीस, कोणी त्याला रामबाणही म्हणतात, आपल्या लेखी निव्वळ रान. खरे तर ते पाणी धुणारे झाड. शेतातून वाहून आलेले नत्र आणि स्फुरद ते मुळांनी ओढून घेते. नागपूरच्या नीरीने अशाच वनस्पतींवर सांडपाणी शुद्ध करण्याची फायटोरिड पद्धत बसवली आहे. मात्र हे काम झाड एकटे करीत नाही. ते पोकळ पानांतून हवा खाली मुळांपर्यंत नेते, त्या हवेवर जगणारे जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात, आणि मग झाड ते उचलते. जिवाणू मारायचे औषध तिथे पोचले, तर ते खैऱ्याचाच जिवाणू निवडून थोडेच मारणार!

झाडालाही ते लागतेच. पानातल्या हिरव्या कणांचे मूळ जिवाणूंत आहे, आणि त्यांची प्रथिने बनवायची यंत्रणा अजून जिवाणूंसारखीच चालते. म्हणून स्ट्रेप्टोमायसिन जास्त झाले की पाने पिवळी पडतात. टेट्रासायक्लिन कॅल्शियम-मॅग्नेशियमला पकडून बसते. दुधाचे पथ्य त्यासाठीच. पानात अन्न कमी तयार झाले की मुळे खुंटतात आणि नत्र-स्फुरद ओढणे मंदावते. थोड्या मात्रेने झाड मरत नाही, नुसते सुस्तावते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. न उचललेले खत पुढे जाऊन शेवाळ आणि जलकुंभी पोसते. कन्हानचे पाणी नागपूरकर पितात, हेही ध्यानात असू द्यावे.

हैदराबादजवळच्या पाटनचेरूला औषध कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करून सोडले जाई, त्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत निघाल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले. तिथे निदान कारखाना डोळ्यांना दिसतो. बागेतली पुडी कोण मोजतो?

केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये मसुदा आदेश काढला, त्यात १ जानेवारी २०२४ पासून शेतीत या जोडऔषधाचा वापर पूर्ण थांबवायचा असे होते. खैऱ्यासाठी रोगट फांद्या छाटून जाळणे आणि ताम्रयुक्त फवारणी हे उपाय आहेतच. पण तांबेही नाल्यात नको. पंप धुतलेले पाणी बांधाच्या आत, विहीर आणि नाल्यापासून दूर ओतावे. पाणकणीस वाढून वाट अडवू लागले तर वरून कापून कंपोस्टच्या खड्ड्यात टाकावे, मुळे तेवढी राहू द्यावीत.