उभं विमान फुकट मिळालं तरी महागच



आजचा विषय आपल्या भागाबाहेरचा वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा. जुन्नर-आंबेगावात धावपट्टी नाही. खेडला विमानतळ येणार, येणार म्हणून आपण वर्षानुवर्षं ऐकलं. २०१६ मध्ये ते पुरंदरला गेलं आणि आपल्याला वाटलं, चला, संपला विमानाचा विषय. पण तो संपलेला नाही. आपल्याकडची पोरं पायलट व्हायला बारामतीला, धुळ्याला, परराज्यात जातायत. आईबाप जमिनीचा तुकडा विकून, कर्ज काढून फी भरतायत. एखाद-दुसरा हौसेने खासगी पायलटचं लायसन्स काढतो आणि मग विचारतो, "एका हँगरला जुनं सेसना उभं आहे, सात-आठ वर्षं उडालेलं नाही, स्वस्तात मिळतंय. घेऊ का?"

या प्रश्नाचं उत्तर फक्त त्या हौशी माणसापुरतं नाही, म्हणून इथे लिहितोय.

माझं म्हणणं आधीच सांगतो. विमान जुनं असणं हा दोष नाही, उभं असणं हा दोष आहे. आणि उभं राहिल्याचं बिल कोणीतरी भरतंच. कधी घेणारा, कधी त्यात बसून शिकणारं पोर, आणि विमान सरकारी असेल तर तुम्ही-आम्ही.

आधी जुनेपणाचं बघू. ज्या सेसना १५२ वर हजारो पोरं उडायला शिकली, ते विमान कंपनीने १९७७ ते १९८५ एवढ्याच काळात बनवलं. म्हणजे आज जगात कुठेही १५२ दिसलं, तर ते चाळिशीच्या आसपासचं किंवा पुढचंच. तरी ती उडतायत. जे. आर. डी. टाटांचं उदाहरण घ्या. १० फेब्रुवारी १९२९ ला भारतात मिळालेलं पहिलं पायलट लायसन्स त्यांचं, शिकले मुंबईतच. १९३२ मध्ये त्यांनी कराची ते मुंबई टपाल आणलं. त्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, १५ ऑक्टोबर १९८२ ला, वयाच्या ७८ व्या वर्षी ते त्याच वाटेने पुन्हा जुहूला उतरले. विमान होतं लेपर्ड मॉथ, १९३० च्या दशकातल्या बनावटीचं. माणूस ७८ चा आणि विमान जवळपास पन्नाशीचं. जुनं असणं हाच दोष असता तर हे उड्डाण झालंच नसतं.

आता उभं राहण्याचं बघू. हे आपल्याला कोणी शिकवायला नको. वर्षभर गोठ्यात बांधून ठेवलेला बैल आपण एकदम घाटात उतरवत नाही. विहिरीवरची मोटार चार महिने बंद राहिली की जाम होते. ट्रॅक्टर दोन पावसाळे झाडाखाली राहिला तर सीटखाली उंदीर, टाकीत पाणी आणि पाइपांना चिरा. विमानाचंही तेच होतं. फरक एवढाच की ट्रॅक्टर बंद पडला तर बांधावर थांबतो. विमान कुठे थांबणार?

या छोट्या विमानांत बरेचदा लायकमिंग कंपनीचं इंजिन असतं. त्यात कॅमशाफ्ट वरच्या अंगाला बसवलेला असतो. विमान महिनोनमहिने उभं राहिलं की तेल निथळून खाली जातं आणि वरचं पोलाद उघडं पडतं. आपल्या पावसाळ्याची दमट हवा किंवा जुहूसारखी खारी हवा त्याला लागली की गंजाचे बारीक ठिपके येतात. बाहेरून काही दिसत नाही. इंजिन सुरूही होतं, आवाजही गोड येतो. पण आत ते ठिपके कानशीसारखे घासत राहतात आणि पोलादाचा चुरा तेलात उतरतो. म्हणून विकणाऱ्याने "बघा, एका फटक्यात सुरू झालं" असं म्हटलं, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

"आम्ही दर पंधरा दिवसांनी दहा मिनिटं इंजिन चालू करत होतो" हेही नेहमीचं वाक्य. त्याचा फायदा नाही, उलट अपाय आहे. जमिनीवर दहा मिनिटांत तेल पुरेसं तापत नाही. आतलं पाणी वाफ होऊन निघून जात नाही, ते तेलातच राहतं. इंजिनला व्यायाम हवा असेल तर विमान उडवावं लागतं. शिवाय लायकमिंग कंपनीच इंजिनाच्या पूर्ण दुरुस्तीसाठी तासांबरोबर १२ वर्षांची मुदतही सांगते. जे आधी भरेल ते. म्हणजे "फक्त तीनशे तास चाललंय" हे ऐकून हुरळू नका, वर्षं मोजा.

आणि जिवाणू-किडे. उंदराने पंखात घरटं केलं तर त्याच्या मुताने ॲल्युमिनियम खाल्लं जातं. आपल्या भिंतीवर मातीचं घर करणारी कुंभारीण माशी विमानाच्या वेग मोजणाऱ्या नळीतही घर करते. गंमत वाटते? ६ फेब्रुवारी १९९६ ला डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पुएर्तो प्लाता इथून उडालेलं बोइंग ७५७ समुद्रात कोसळलं, १८९ माणसं गेली. ते विमान आधी जवळपास तीन आठवडे उभं होतं आणि त्या नळ्यांवर झाकणं नव्हती. एक नळी बंद झाली होती, आणि ती बहुधा कुंभारणीच्या घरट्याने, असा तपासाचा निष्कर्ष होता. वैमानिकांना वेग चुकीचा दिसत राहिला. तीन आठवड्यांत एवढं होतं, तर सात-आठ वर्षांत काय काय झालं असेल याचा विचार करा.

लोखंड-रबर दुरुस्त होतं. कागद दुरुस्त होत नाही. आपल्या देशात विमानाला 'व्हीटी'ने सुरू होणारा नंबर लागतो, उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र लागतं आणि त्याचा आढावा दरवर्षी होऊन नवीन कागद मिळवावा लागतो. प्रत्येक कामावर लायसन्स असलेल्या इंजिनिअरची सही लागते. इंजिन, पंखा, सांगाडा यांची लॉगबुकं पहिल्या दिवसापासून सलग लागतात. मधलं एक पुस्तक हरवलं, तर कुठला भाग कधी बदलला हे कोणी सांगू शकत नाही. मग तो भाग चांगला असला तरी काढावा लागतो. सातबाऱ्यावरचा एक फेरफार सापडला नाही की काय हाल होतात ते आपल्याला माहीत आहे. इथे तर जिवाचा प्रश्न.

कागदाला किती वेळ लागतो, याचं मराठी उदाहरण म्हणजे कॅप्टन अमोल यादव. कांदिवलीत घराच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये 'मेक इन इंडिया'त ते सगळ्या देशाने पाहिलं. तरी रजिस्ट्रेशन हातात यायला नोव्हेंबर २०१७ उजाडला, तेही मुख्यमंत्र्यांनी लक्ष घातल्यावर. प्रत्येक हौशी माणसामागे मुख्यमंत्री उभे राहणार नाहीत.

मग काय, घेऊच नये का? असं मी म्हणत नाही. हौसेला मोल नसतं, आणि कोणीतरी हात घातल्याशिवाय जुनं यंत्र वाचत नाही. हवाई दलाकडचं 'परशुराम' नावाचं डकोटा विमान आयर्लंडमध्ये भंगारात निघालं होतं. राजीव चंद्रशेखर यांनी ते घेतलं, इंग्लंडमध्ये दुरुस्त करून घेतलं, हवाई दलाला भेट दिलं. २०११ ला सुरू झालेली गोष्ट २०१८ ला भारतात उतरली. सात वर्षं, आणि पाठीशी भक्कम पैसा. असं उभं विमान पुन्हा उडतं, पण ते स्वस्तात मिळालं म्हणून नाही, कोणीतरी पूर्ण किंमत मोजली म्हणून.

म्हणून घेणाऱ्याला माझं सांगणं साधं आहे.

तपासणी आपल्या इंजिनिअरकडून करा, विकणाऱ्याच्या नाही. डॉक्टर पोटात घालतात तशी दुर्बीण इंजिनमध्ये घालता येते. एखादं सिलिंडर काढून कॅमशाफ्ट बघता येतो. यासाठी विकणारा नाही म्हणाला, तर तिथूनच परत फिरा.

विमानाच्या किमतीत नवीन केलेल्या इंजिनाचा खर्च मिळवा आणि मगच ते स्वस्त आहे का ते ठरवा. त्यावर हँगरचं भाडं, विमा आणि पेट्रोल. या विमानांना शिसं असलेलं वेगळं पेट्रोल लागतं. ते २०२२ मध्ये इंडियन ऑइलने वडोदऱ्याला बनवायला सुरुवात केली, तोवर बाहेरून यायचं. नारायणगावच्या पंपावरचं मनाने ओतून चालत नाही.

घरी आणण्यासाठी पहिलं उड्डाण करू नका. पंख उतरवून ट्रकवर आणा. आणि एकट्याने घेऊ नका, चौघांनी मिळून घ्या. खर्च वाटला जातो हे आहेच, पण खरं कारण वेगळं. चौघांचं विमान उडत राहतं, एकट्याचं पुन्हा उभं राहतं. भागीत भांडणं होतात म्हणाल, तर आधी लिहून घ्या. आणि खासगी लायसन्सवर भाडं घेऊन कोणाला फिरवता येत नाही, तेव्हा 'चार पैसे सुटतील' हा हिशेब डोक्यातून काढा.

आता सार्वजनिक पैशाकडे येतो. नागपूर फ्लाइंग क्लब राज्य सरकारच्या ताब्यातली संस्था, कारभार विभागीय आयुक्तांकडे. तिची प्रशिक्षण विमानं कित्येक वर्षं हँगरमध्ये उभी राहिली. पोरांचं शिक्षण अडकलं, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. नंतर परवानग्या मिळाल्या, चंद्रपूरजवळच्या मोरव्याच्या धावपट्टीवर प्रशिक्षण आलं. चांगलंच झालं. पण उभ्या विमानांनी त्या वर्षांत जे खाल्लं, ते कोणाच्या खिशातून गेलं? गरीब घरातल्या पोराला सरकारी क्लबात कमी पैशात शिकता आलं असतं, ते पोर खासगीत गेलं किंवा घरी बसलं. हाही त्या बिलाचाच भाग, फक्त तो कुठल्या ताळेबंदात दिसत नाही.

म्हणून मागणी अशी: सरकारी विमान तीन महिन्यांहून जास्त उभं राहिलं, तर का उभं आहे आणि कोणाच्या सहीसाठी थांबलंय हे जाहीर करा. दुरुस्ती परवडत नसेल तर विमानाला किंमत आहे तोवर विका. "बघू पुढच्या वर्षी" हा सगळ्यात महागडा निर्णय आहे. आपल्या ग्रामपंचायतीच्या उभ्या रुग्णवाहिकेला आणि पाणी योजनेच्या बंद मोटारीलाही हाच नियम लावा.

शेवटी आईबापांसाठी. २५ जुलै २०२२ ला इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला शिकाऊ वैमानिक मुलीचं सेसना १५२ शेतात पडलं, ती थोडक्यात वाचली. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमानं पडली, तीही सेसनाएवढी जुनी नव्हती. त्यानंतर डीजीसीएने त्या संस्थेचं प्रशिक्षण काही काळ थांबवून देखभालीची तपासणी लावली. हे घाबरवायला सांगत नाही. व्यावसायिक लायसन्सला २०० तास उडावं लागतं, तेवढे तास तुमचं पोर त्या यंत्राच्या भरवशावर असतं.

तेव्हा फी भरण्याआधी संस्थेची इमारत आणि गणवेश बघून येऊ नका. हँगरमध्ये जा आणि विचारा: विमानं किती, त्यातली आज उडणारी किती? उभी आहेत ती कधीपासून आणि का? देखभालीचे इंजिनिअर किती? मागच्या महिन्यात एका विद्यार्थ्याला सरासरी किती तास मिळाले? दहा विमानं दाखवून तीन उडत असतील, तर तुमचं पोर वर्षभर रांगेत बसणार आणि ती तीन विमानं जास्त राबणार. मोकळेपणाने उत्तर देणारी संस्था चांगली. चिडणारी नको.

आपल्या दोन्ही तालुक्यांतले हवाई दलातून निवृत्त झालेले, विमान देखभालीत काम केलेले बरेच जण हे वाचत असतील. माझं काही चुकत असेल तर कमेंटमध्ये सांगा, आणि या चार प्रश्नांत आणखी कुठला घालायचा तेही लिहा. ज्यांच्या घरात बारावीनंतर पायलट व्हायचं म्हणणारं पोर आहे, त्यांच्यापर्यंत ही पोस्ट नक्की पोहोचवा.