रंगाखालचे शिसे

मुंबईच्या जुन्या चाळींना रंग लागतो तो भाडेकरू आत राहत असतानाच. बिऱ्हाड हलवायला जागा कुठली? कठड्यांवरील, दारांवरील तैलरंगाचे जुने थर कोरडेच खरवडले जातात आणि धूळ घराघरांत शिरते. मुलांच्या मेंदूला घातक अशा शिशावर घरगुती रंगांत दशलक्षात 90 भागांची मर्यादा 2017 साली लागू झाली. त्यापूर्वीच्या थरांत ते असण्याचा संभव मोठा. तीच धूळ रोजंदारीवरील रंगारी दिवसभर छातीत घेतो. 1999च्या भाडे नियंत्रण कायद्याने दुरुस्तीची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. दर्शनी भाग उजळला की ती संपली, हा अर्थ मालकांचा! घासकाम ओले करूनच होईल, दाराखिडक्यांना आच्छादन बांधले जाईल, हे लेखी घेतल्याखेरीज भाडेकरू संघांनी परांची बांधू देऊ नये. आणि या मागणीत रंगाऱ्यांनाही सामील करून घ्यावे.