नव्या नाममुद्रा, जुनाच प्रश्न

मोर्शी : विजेवरील मोटारींसाठी ‘महिंद्रा’ने १५ ऑगस्ट २०२२ रोजी ‘एक्सयूव्ही.ई’ व ‘बीई’ या स्वतंत्र नाममुद्रा जाहीर केल्या. चाकणला तयार होणारी ‘बीई ६ई’ नोव्हेंबर २०२४ मध्ये १८.९० लाखांपासून सादर झाली. ‘६ई’वरून ‘इंडिगो’ने न्यायालयात धाव घेतल्यावर डिसेंबरात तिचे नाव ‘बीई ६’ झाले.

जीप आणि ट्रॅक्टरने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीला उच्चभ्रू ग्राहकासाठी निराळी ओळख हवी, हे उघड आहे. मात्र, मोर्शीचा सधन संत्राबागायतदार नावाआधी चार्जिंगची सोय आणि दुरुस्तीचे ठिकाण विचारेल. महानगरांतील दालनांइतकेच लक्ष तालुक्यांकडे दिले, तरच ही बाजारपेठ रुंदावेल.