लेपाआधी खालची पापणी ओढून पाहा

यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्यात एमआयडीसी आहे, म्हणजे रातपाळी आलीच. अशा ठिकाणच्या वैद्याकडे ‘डोळ्यांखालचं काळं घालवून द्या’ म्हणत कुणी आले, की आपला हात सवयीने कुंकुमादि तेलाच्या बाटलीकडे जातो. तेल चांगलेच आहे. पण जागरणाने आलेले काळे नुसत्या तेलाने जायचे नाही.

रात्री जागरण घडले तर त्याच्या निम्मा वेळ सकाळी, न जेवता झोपावे, असे अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात सांगितले आहे. रातपाळीवरून सुटलेला माणूस नेमके उलटे करतो. पोटभर जेवतो, मोबाईल बघत पडतो आणि मग केव्हातरी झोपतो. त्याला पथ्याची छापील यादी देऊ नका. जेवण उठल्यावर, फारच भूक असेल तर पातळ पेज, खोलीत अंधार आणि तळपायांना तेल लावून काशाची वाटी, एवढे पटवून द्या. मात्र निम्म्या झोपेचा हिशेब अधूनमधूनच्या जागरणाचा. आठवडाभर रातपाळी करणाऱ्याला झोप पुरतीच लागते.

तपासायला दोन मिनिटे लागतात. रुग्णाला खिडकीकडे तोंड करून बसवा. उजेड बदलला की काळे कमी होत असेल, तर ती खळग्याची सावली आहे. तिथे लेप वाया जातो. डोळे सतत खाजवत असतील तर आधी खाज थांबवा. मग खालची पापणी ओढून आतला रंग पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. पापणी फिकी दिसली तर वर्ण्य औषधांचा विचार नंतर, आधी पांडुरोग.

इथे विदर्भातल्या वैद्याने जास्त सावध राहायला हवे. आपल्याकडे सिकलसेल आहे. वारंवार रक्त चढवलेल्या अशा रुग्णाच्या शरीरात लोह आधीच साठलेले असू शकते. नवायस लोह किंवा पुनर्नवा मांडूर लिहिण्यापूर्वी हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची चाचणी करून घ्या. चाचणीचा आग्रह धरल्याने वैद्याचा मान कमी होत नाही.

राहिला प्रश्न बाहेरून लावायच्या औषधांचा. डोळ्यांखालची त्वचा फार पातळ असते. लिंबू किंवा खरखरीत उगाळलेले जायफळ तिथे आग करते, आणि त्यानंतर काळे वाढतेही. गोरेपणाच्या क्रीमचा धोका याहून मोठा. अकोल्यातल्या एकाच कुटुंबातील तिघींना पारायुक्त क्रीममुळे मूत्रपिंडाचा विकार जडल्याची बातमी २०२३ मध्ये गाजली होती. म्हणून पुढच्या भेटीला रुग्णाला घरातल्या क्रीमची डबी घेऊन यायला सांगा. तिच्यावर उत्पादकाचा पत्ता आणि परवाना क्रमांक नसेल, तर पहिली सूचना ती डबी बंद करण्याची द्या. औषध त्यानंतर लिहा.