लसूणघासाचं लेपाचं बियाणं

खानापूरकडच्या एका वहिनींनी विचारलंय, लसूणघासाचं रंगीत लेप दिलेलं बियाणं साध्यापेक्षा महाग मिळतं, ते घ्यावं का? घरी दोन म्हशी, पाणी जेमतेम. उगवण फसली तर चारा विकत आणायचा आणि दुधाचे पैसे त्यातच जायचे. तेव्हा प्रश्न लहान नाही.

लसूणघास म्हणजे आपल्या कन्नड शेजाऱ्यांचा 'कुदुरे मसाले', घोड्याचा मसाला! (नाव भारी आहे, पण म्हशींनाही चालतो.) बी इतकं बारीक की किलोत साडेचार लाखांच्या आसपास दाणे भरतात. लेपात बहुधा चुनखडीची भुकटी, चिकट द्रव्य आणि रायझोबियम जिवाणू असतात. हे जिवाणू मुळांवर गाठी करून हवेतला नत्र पिकाला देतात. मेथीलाही हेच जिवाणू लागतात. म्हणून ज्या रानात मेथी नेहमी होते तिथे लेपावाचून फारसं अडत नाही. नव्या रानात, तांबड्या आम्ल मातीत मात्र लेप उपयोगी पडतो. फरक दिसतो तो उगवणीत आणि पहिल्या कापणीत. पुढे रोपं फुटून जागा भरतात आणि तो बराचसा पुसला जातो.

माझा आक्षेप वजनाला आहे. लेप वजनाच्या एक तृतीयांश असला, तर १० किलोच्या पिशवीत बी पावणेसात किलोच. एकरी १० किलो हा हिशेब साध्या बियाण्याचा. म्हणून दुकानदाराला आधी लेपाचं प्रमाण विचारा, मग दर.

साधं बियाणं घेतलंत तर १० किलोला रायझोबियमचं २५० ग्रॅमचं पाकीट पुरतं. गूळ पाण्यात उकळून पूर्ण थंड करा, त्यात ते कालवून बियाण्याला हलक्या हाताने चोळा, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. बुरशीनाशक लावायचंच तर आधी, जिवाणू शेवटी. पानाच्या डब्यातला चुना, म्हणजे 'सुण्णा', मुळीच नको. त्याने जिवाणू मरतात. बी एक-दीड सेंटिमीटरपेक्षा खोल गेलं तर कसलाही लेप त्याला वर आणत नाही.

आणि वहिनी, पेरणीआधी माती तपासून घ्या. सामू ६ च्या खाली असेल तर आधी रानाला चुना द्यावा लागेल. बियाण्यावरची चिमूटभर चुनखडी तिथे पुरायची नाही. धारवाडला झाशीच्या चारा संशोधन संस्थेचं केंद्र आहे, तिथे वाण विचारता येईल.