वयाआधी पिंप पाहा



‘वाइनच्या पिंपातली व्हिस्की ही निव्वळ विक्रीची क्लृप्ती, बाटलीवरचे वय पाहूनच घ्यावी’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत पटत नाही. स्कॉचला ओकच्या पिंपात किमान 3 वर्षे मुरावे लागते. पण वर्षांचा हिशेब सगळीकडे सारखा नसतो. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातून दरसाल सुमारे 2 टक्के मद्य उडून जाते. आपल्या शेजारी गोव्यात मुरणाऱ्या पॉल जॉनसारख्या सिंगल माल्टमधून उष्म्यामुळे त्याहून कितीतरी अधिक उडते आणि लाकडाचा गुणही लवकर उतरतो. म्हणून चवीचा अंदाज वयापेक्षा पिंपावरून अधिक येतो: ओलोरोसो शेरी या वाइनच्या पिंपातून मनुका-अक्रोडाची छटा येते, पोर्ट वाइनच्या पिंपातून लाल फळांची.

रंग फसवतो, हा त्या पत्रलेखकाचा आक्षेप मात्र रास्त आहे. स्कॉचमध्ये कॅरॅमलचा रंग मिसळायला कायद्याने मुभा आहे. पण त्यावर उपाय लेबल नीट वाचणे हा आहे, पिंप नाकारणे नव्हे. ‘फिनिश’ लिहिले असेल, तर ती व्हिस्की आधी दुसऱ्या, बहुधा बर्बन या अमेरिकी व्हिस्कीच्या, पिंपात मुरलेली असते. वाइनच्या पिंपात ती शेवटचा काही काळच राहिलेली असते. जादा पैसे मोजण्यापूर्वी सिंधुदुर्गातील वाचकांनी एवढे जरूर तपासावे.

– एक वाचक, मालवण