यंत्र-तंत्र : उलटली तरी सुलटणारी बोट

गेल्या अंकातल्या सेंट्रल हीटिंगवरच्या लेखाबद्दल ज्या वाचकांनी आवर्जून फोन केले, पत्रे पाठवली, त्यांचे आभार. एका पत्रात मात्र हीटिंगबद्दल चकार शब्द नव्हता. पत्र लिहिणाऱ्या ताईंचा भाचा रत्नागिरीहून मर्चंट नेव्हीत गेला आहे. त्याने पाठवलेल्या फोटोत जहाजाच्या मागच्या टोकाला, नाक खाली करून ठेवलेली एक नारिंगी होडी दिसते, चहूबाजूंनी बंद. "ही कसली होडी? खिडक्या तळहाताएवढ्या, हवा नाही, उजेड नाही. अन् ती उलटली तर आतल्या पोरांचं काय?" असा ताईंचा सवाल. सवाल एका ओळीचा आहे, पण त्याचे उत्तर मिळायला दोनशे वर्षे लागली आणि त्यापायी पुष्कळ जीव गेले. तेव्हा या खेपेचा हप्ता लाइफबोटीवर.

आधी थोडी शाळेतली उजळणी करू या. पाण्यावरच्या बोटीवर दोन बले काम करतात. वजन तिला खाली ओढते, पाणी तिला वर ढकलते. वजनाचे बल गुरुत्वमध्यातून जाते, पाण्याचे बल बुडालेल्या भागाच्या मध्यातून. बोट कलली की बुडालेल्या भागाचा आकार बदलतो आणि त्याचा मध्य कललेल्या बाजूला सरकतो. तो पुरेसा सरकला तर पाणीच बोटीला परत सरळ करते. कमी सरकला तर बोट आणखी कलते आणि शेवटी पालथी होते. बोट रुंद असली की हा मध्य जास्त सरकतो, म्हणून रुंद बोट सहसा उलटत नाही.

मग रुंद बोट बांधली की झाले, असे वाटेल. पण घरातला पोळपाट टबात सोडून बघा (लाकडी हं, संगमरवरी नको!). एका कडेवर बोटाने दाबले तरी तो सहजासहजी पालथा होत नाही. आता मुद्दाम उलटा करून सोडा. तसाही तो निवांत तरंगतो, सरळ व्हायचे नाव काढत नाही. याउलट बुडाशी वजन असलेली डोलणारी बाहुली. टिचकी मारली की ती आडवी होते, पण लगेच उठून उभी राहते. लाइफबोट पोळपाटासारखी करावी की बाहुलीसारखी, या एका प्रश्नाभोवती लाइफबोटीचा सगळा इतिहास फिरतो. आणि तो इतिहास बराचसा आपण राहतो त्या ब्रिटनच्याच किनाऱ्यावर घडला.

१७८९ साली टाइन नदीच्या मुखाशी 'अ‍ॅडव्हेंचर' नावाचे जहाज वादळात रुतले. खलाशी बुडताना किनाऱ्यावर जमलेली माणसे पाहत होती, पण त्या लाटांत नाव घालायची कोणाची छाती झाली नाही. मग साउथ शील्ड्सच्या प्रतिष्ठितांनी चांगल्या जीवरक्षक बोटीच्या आराखड्याला दोन गिनींचे बक्षीस लावले. स्पर्धेत विल्यम वुडहेव नावाचा एक गरीब रंगारी होता. असे सांगतात की पाणी भरणाऱ्या एका बाईच्या भांड्यात त्याला फुटक्या लाकडी वाडग्याचा तुकडा तरंगताना दिसला. तो कसाही उलटा केला तरी पुन्हा सुलटा होई. त्यावरून त्याने दोन्ही टोके उंच असलेला, आपोआप सुलटणारा नमुना केला. समितीने त्याला निम्मे बक्षीस, म्हणजे एक गिनी देऊ केली. प्रत्यक्ष बोट बांधली हेन्री ग्रेटहेड या कारागिराने, १७९० मध्ये. तिला बाहेरून बुचाचे लाकूड लावले होते, त्यामुळे ती बुडत नसे. पण उलटली तर ती सुलटत नसे.

याची किंमत साठ वर्षांनी त्याच गावाने मोजली. ४ डिसेंबर १८४९ रोजी टाइनच्याच मुखाशी 'प्रॉव्हिडन्स' ही लाइफबोट उलटली आणि तिच्यावरच्या २४ पैकी २० जण बुडाले. पुढे ड्यूक ऑफ नॉर्थंबरलँडने शंभर गिनींचे बक्षीस जाहीर केले. १८५१ साली २८० नमुने आले आणि ग्रेट यार्मथच्या जेम्स बीचिंगचा स्वतः सुलटणारा नमुना पहिला आला. रंगाऱ्याचा वाडगा अखेर जिंकला म्हणायचा! सुधारणा होत होत अशा बोटी किनाऱ्यावरच्या ठाण्याठाण्यांत गेल्या. टोकांना उंच हवाबंद पेट्या, तळाला जड लोखंडी कणा आणि रुंदी बेताची, अशी त्यांची घडण. थोडक्यात, बाहुली.

पण बाहुली टिचकीसरशी आडवी होते, हे विसरून चालत नाही. ९ डिसेंबर १८८६ च्या रात्री लँकाशरच्या किनाऱ्यावर 'मेक्सिको' हे जर्मन जहाज अडकले. त्याच्या मदतीला गेलेल्या साउथपोर्ट आणि सेंट अ‍ॅन्सच्या दोन्ही बोटी उलटल्या. दोन्ही सुलटणाऱ्या जातीच्या, तरी दोन्ही किनाऱ्याला लागल्या त्या पालथ्याच. २७ स्वयंसेवक गेले. 'मेक्सिको'वरच्या बाराही जणांना मात्र लिदमच्या तिसऱ्या बोटीने सुखरूप आणले.

या आघातानंतर आर.एन.एल.आय. या संस्थेने जॉर्ज लेनॉक्स वॉटसन या निष्णात नौकारचनाकाराला सल्लागार नेमले. (ही संस्था १८२४ पासून मुख्यतः देणग्यांवर चालते. दुकानाच्या काउंटरवर बोटीच्या आकाराची तिची दानपेटी आपण पाहिली असेल.) वॉटसनचे म्हणणे होते, उलटल्यावर काय करायचे याचा घोर कशाला? मुळात उलटणारच नाही अशी लांबरुंद बोट बांधू. म्हणजे पोळपाट. अनेक ठाण्यांच्या खलाशांनाही ती पसंत पडली, कारण मोठ्या लाटेत ती पायाखाली स्थिर वाटे. पुढे इंजिने आली, तरी वॉटसनच्या धर्तीच्या बोटी कित्येक दशके चालल्या.

मग १९६९ चा मार्च उजाडला. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांतल्या लाँगहोपची वॉटसन जातीची लाइफबोट पेंटलंडच्या खाडीत उलटली आणि दुसऱ्या दिवशी पालथी सापडली. आठही जण गेले. त्यांत एका घरातले बाप आणि दोन मुलगे होते आणि दुसऱ्या एका घरातलेही बाप आणि दोन मुलगे. दहा महिन्यांतच, जानेवारी १९७० मध्ये, फ्रेझरबर्गची बोट उलटली आणि सहापैकी पाच जण गेले. त्यानंतर संस्थेने ठरवले की यापुढे आपली प्रत्येक मोठी बोट उलटली तर आपोआप सुलटलीच पाहिजे.

हे ठरवता आले, कारण तोपर्यंत पोळपाट आणि बाहुली यांचे भांडण मिटवायची युक्ती सापडली होती. १९५८ साली रिचर्ड ओकली यांनी अशी बोट केली की पाण्यात उतरताना ती तळाच्या टाकीत सुमारे दीड टन पाणी भरून घेई. सरळ असताना त्या वजनाने ती स्थिर राही. उलटली की तेच पाणी बाजूच्या टाकीत धावे आणि एकीकडे वजन पडून बोट पुन्हा वळे, अवघ्या सहा सेकंदांत. नंतरच्या बोटींनी याहून सोपा मार्ग धरला. जड इंजिने तळाशी आणि वर मोठी, पूर्ण जलबंद केबिन. बोट पालथी झाली की हवेने भरलेली ती केबिन पाण्याखाली राहूच शकत नाही, आणि उंचावर गेलेले इंजिन खाली यायला बघते. दोन्ही मिळून बोट फिरवतात. म्हणजे तळ रुंद ठेवला तरी डोके हवेचे असल्यामुळे पालथी अवस्था टिकत नाही. २०१३ नंतर आलेल्या शॅनन जातीच्या बोटीही स्वतः सुलटतात. शिवाय २५ नॉट वेगाने लाटांवर आपटताना खलाशांचा कणा शाबूत राहावा म्हणून त्यांत धक्के शोषणाऱ्या खुर्च्या आहेत.

आता ताईंच्या नारिंगी होडीकडे वळू. वरच्या बोटी वाचवायला जाणाऱ्या, सरावलेल्या खलाशांच्या. जहाजावरची लाइफबोट ही सोडून पळायची बोट, आणि तीत बसणारे घाबरलेले, भिजलेले, कधी जखमी. 'टायटॅनिक'वर १९१२ साली सुमारे २,२०० माणसांमागे २० बोटी आणि १,१७८ जागा होत्या, हे आपण जाणतोच. त्यानंतर 'सोलास' हा सागरी जीवरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि बोटींची संख्या वाढली. पण पुढे कित्येक वर्षे बोटी उघड्याच राहिल्या. उघड्या बोटीत माणूस बुडाला नाही तरी भिजून गारठतो, आणि गारठ्याने मरतो. म्हणून जुलै १९८६ पासून बांधलेल्या बहुतेक मोठ्या मालवाहू जहाजांवर पूर्ण बंद बोटी आल्या. हे छप्पर ऊन, वारा आणि थंडीपासून वाचवतेच, पण उलटल्यावर तीच हवेची केबिन होते आणि बोट सुलटवते. ज्या बंदिस्तपणाची ताईंना धास्ती वाटते, तोच भाच्याला सरळ ठेवतो. तेलवाहू जहाजावरच्या बोटीत तर बाहेरून पाण्याचे फवारे आणि आत किमान दहा मिनिटांची हवा असते, आणि पेटलेल्या तेलातही तिने किमान आठ मिनिटे माणसे सांभाळावी असा दंडक आहे.

नाक खाली करून ठेवलेली बोट दोराने उतरवत नाहीत, ती घसरगुंडीवरून सरळ समुद्रात झेप घेते. आपटण्याचा धक्का छातीवर न येता पाठीवर यावा म्हणून तीत सगळे मागे तोंड करून बसतात. परवानगी असेल त्या उंचीच्या १.३ पट उंचीवरून टाकून ती आधी तपासतात.

मात्र या सगळ्याला एक अट आहे, आणि आमच्या मते खरी मेख तिथेच आहे. बोट सुलटते ती दारे बंद असतील आणि प्रत्येक माणूस पट्ट्याने जागेवर बांधलेला असेल तर. नियमातली चाचणीही तशीच होते. समजा, पन्नास माणसे बसली आहेत. माणशी ८२.५ किलो हा हल्लीचा हिशेब (पूर्वी ७५ होता, माणसे जाड झाली!) धरला, तर चार टनांहून जास्त वजन झाले. हे वजन सुटे असेल तर बोट उलटल्याबरोबर ते छपरावर जाऊन पडते, आणि मग ओकलीसाहेबांचे असोत की आर्किमिडीजचे, कोणतेच गणित लागू पडत नाही.

सुटे वजन काय करते, हे आपल्या मागच्या पिढीला चांगले ठाऊक आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' आगबोट मोठ्या लाटेने कलली, उतारू भिऊन एका बाजूला धावले आणि ती उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. फेब्रुवारी १९८२ मध्ये कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळ 'ओशन रेंजर' हा तेलविहिरीचा तरंगता फलाट बुडाला. त्यावरचे काही जण लाइफबोटीतून मदतीच्या जहाजापर्यंत पोहोचलेसुद्धा. दोरही बांधला गेला. जहाजावर चढण्यासाठी माणसे बोटीच्या एका अंगाला आली, आणि पाणी शिरलेली ती बोट तिथेच उलटली. ८४ पैकी एकही वाचला नाही.

संरक्षणासाठी केलेली प्रत्येक सोय आपला नवा धोका बरोबर आणते, हेही या विषयात पदोपदी दिसते. मार्च १९८० मध्ये उत्तर समुद्रात नॉर्वेचा 'अलेक्झांडर कीलँड' फलाट उलटला आणि २१२ पैकी १२३ जण गेले. चार बोटी खाली सोडल्या, पण दोराला ताण असेपर्यंत हुक सुटू नये अशी 'सुरक्षित' रचना असल्यामुळे नीट सुटली ती एकच. मग ताण असतानाही उघडणारे हुक आले. त्यातले काही हुक सरावाच्या वेळी बोट उंच टांगलेली असतानाच उघडले, आणि कित्येक खलाशी शांत बंदरात, नुसत्या सरावात मेले. अशा सदोष रचना बदलण्याचा नियम २०१३ पासून लागू झाला. त्याच कीलँडच्या दुर्घटनेत एक बोट पालथी वर आली होती. माणसांनी ती सुलटी केली आणि पाण्यातल्या १९ जणांना तीत घेतले. तेव्हा यंत्र आणि माणूस, दोघांनी मिळूनच जीव वाचतो.

ताई, भाच्याला आमचा निरोप द्या. सरावाला कंटाळू नकोस, हुक कसा बसतो ते स्वतः डोळ्यांनी बघ, आणि बोटीत बसलास की आधी पट्टा. उलटीची गोळीही वेळेवर घे. बंद बोटीत भलेभले आडवे होतात, म्हणून नियमाने तीत माणशी ४८ तास पुरेल एवढे औषध आणि एकेक पिशवी ठेवलेलीच असते!

आणि क्रूझवर जाणाऱ्या आपल्या मंडळींसाठी दोन शब्द. प्रवासी जहाजावरच्या बोटी बहुधा अर्ध्याच बंद असतात आणि उलटल्यावर त्या सुलटतीलच असे नाही. तिथे जागेवर बसून राहणे हाच मोठा आधार. २०१२ साली इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' कलंडली तेव्हा नुकत्याच चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव व्हायचा होता. ३२ जण गेले. २०१५ पासून जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी सराव घेणे सक्तीचे झाले आहे. त्या अर्ध्या तासात बुफेच्या रांगेत उभे राहू नका. आपली जागा कुठली, जॅकेट कसे बांधायचे, मुलांचे जॅकेट कुठे आहे, एवढे पाहून घ्या. बुफे कुठे पळून जात नाही.

पुढच्या अंकात : लिफ्टचा दोर तुटला तर?